कीर्द, खतावणी आणि आयतालेख

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीचा अध्यापक बोलावयास उभा राहिला म्हणजे संतवाङ्मय, नाट्यपरंपरा किंवा गोमंतकीय कविता यांपैकी एखादा विषय कानांवर पडेल अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज आकड्यांविषयी बोलणार आहे. आकडे गोळा कसे करावेत याविषयी नव्हे, तर गोळा झालेले आकडे मांडावेत कसे आणि मांडलेले आकडे वाचावेत कसे, याविषयी.

हा विषय ग्रंथालयाला परका नाही. कोणतेही जुने ग्रंथालय दोन प्रकारच्या पुस्तकांनी उभे राहते. एक प्रकार कपाटांत असतो. तो आपण वाचतो, त्याच्याविषयी बोलतो, त्याला पुठ्ठे घालतो. दुसरा प्रकार ग्रंथपालाच्या टेबलाच्या खणात असतो. पुस्तकांची दाखलनोंद वही, सभासदांची वही, वर्गणीची वही आणि देवघेवीची वही हा तो दुसरा प्रकार होय. शंभर वर्षांत या वह्या किती साचल्या असतील याची कल्पना आपणांस आहे. पहिल्या प्रकारची पुस्तके आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचीत आलो. दुसऱ्या प्रकारची कोणी वाचली नाहीत. ती वाचता येतात आणि वाचण्याची एक पद्धत आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

या पद्धतीचे मूळ आपल्या परिचयाचे आहे. आपल्याकडील दुकानदार दोन वह्या ठेवीत असे: कीर्द आणि खतावणी. रोजच्या रोज जसा व्यवहार घडेल तसा तो कीर्दीत उतरावयाचा. सकाळी तांदूळ, मग खोबरेल, मग कोणाची उधारी, मग पुन्हा तांदूळ. कीर्द खरी असते, परंतु ती बोलत नाही. वर्षअखेर तांदळाचा व्यवहार किती झाला, अमुक गृहस्थाकडे येणे किती राहिले, हे कीर्द चाळून कळत नाही. त्यासाठी कीर्दीतली प्रत्येक नोंद उचलून तिच्या तिच्या खात्यात घालावी लागते. हेच खतावणे. संख्याशास्त्रात ज्याला वारंवारता सारणी म्हणतात ती खतावणीचीच धाकटी बहीण आहे. खतावणीत एकेका खात्यात किती रक्कम पडली ते पाहतात. वारंवारता सारणीत एकेका वर्गात किती वेळा नोंद पडली ते मोजतात. ‘वारंवार’ या आपल्या नित्याच्या शब्दावरूनच ही संज्ञा बनली आहे. एखादी गोष्ट किती वार घडली, ती तिची वारंवारता.

सारणी करण्याची रीत शाळेतील मुलांना ठाऊक असते. प्रथम सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्या पाहावी. त्या दोहोंमधील पल्ला सारख्या रुंदीच्या काही वर्गांत वाटावा. मग एकेक नोंद वाचीत जावे आणि ती ज्या वर्गात पडते त्या वर्गापुढे एक उभी रेघ ओढावी. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावरून तिरकी ओढावी, म्हणजे पाचांची जुडी होते आणि मोजणे सोपे जाते. पाठ्यपुस्तके यांना ताळ्याच्या खुणा म्हणतात. दोन नियम मात्र काटेकोरपणे पाळावे लागतात. पहिला असा की कोणतीही नोंद कोणत्या ना कोणत्या वर्गात पडलीच पाहिजे. दुसरा असा की ती दोन वर्गांत पडता कामा नये. सीमेवरच्या संख्येने कोणत्या बाजूस जावे हे आधीच ठरवून ठेवावे. मोजताना ठरवू नये.

एवढे शास्त्र पुरे. आता आपल्याच भूमीचे उदाहरण घेऊ. २०११च्या जनगणनेत गोव्याचे अकरा तालुके होते आणि राज्याची लोकसंख्या १४,५८,५४५ इतकी भरली. २०२१ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, म्हणून हेच आकडे घेतले आहेत. तालुक्यांचे आकडे असे: पेडणे ७५,७४७, बार्देश २,३७,४४०, तिसवाडी १,७७,२१९, डिचोली ९७,९५५, सत्तरी ६३,८१७, फोंडा १,६५,८३०, मुरगाव १,५४,५६१, सासष्टी २,९४,४६४, केपे ८१,१९३, सांगे ६५,१४७, काणकोण ४५,१७२.

हे आकडे मी वाचून दाखविले आणि आपण शांतपणे ऐकलेत. परंतु त्यांतून आपल्या मनावर काही ठसा उमटला असे मला वाटत नाही. यात आपला दोष नाही. ही कीर्द आहे. आता ती खतावू. पन्नास हजारांचा एक वर्ग धरू आणि नेमक्या सीमेवरची संख्या वरच्या वर्गात घालू.

शून्य ते ५० हजार: काणकोण. वारंवारता १.
५० हजार ते १ लाख: सत्तरी, सांगे, पेडणे, केपे, डिचोली. वारंवारता ५.
१ लाख ते दीड लाख: कोणीही नाही. वारंवारता ०.
दीड लाख ते २ लाख: मुरगाव, फोंडा, तिसवाडी. वारंवारता ३.
२ लाख ते अडीच लाख: बार्देश. वारंवारता १.
अडीच लाख ते ३ लाख: सासष्टी. वारंवारता १.
एकूण ११.

आता आकडे बोलू लागले. एका बाजूस सहा तालुके एक लाखाच्या आत दाटीने बसले आहेत, दुसऱ्या बाजूस पाच तालुके दीड लाखाच्या पलीकडे आहेत, आणि मधली खोली रिकामी आहे. लहान सहांत आपले पेडणे आणि डिचोली, त्यांच्या जोडीला सत्तरी, सांगे, केपे आणि काणकोण. हे सहाही तालुके अठराव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली आलेल्या, नव्या काबिजादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखातले. मोठ्या पाचांत तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि मुरगाव हा जुन्या काबिजादींचा मुलूख, आणि त्यांच्या रांगेत जाऊन बसलेला नव्या काबिजादींपैकी एकटा फोंडा. आपण गोव्याच्या इतिहासात जी सीमारेषा वाचतो, तीच रेषा एका वर्गाच्या रिकाम्या खोलीतून पुन्हा दिसते. अकरा आकड्यांच्या रांगेत ती होतीच. मांडणीने ती दृष्टीस पडली.

आता याच सारणीचे चित्र काढू. आडव्या रेषेवर लोकसंख्येचे वर्ग, उभ्या रेषेवर वारंवारता. प्रत्येक वर्गावर त्याच्या वारंवारतेइतक्या उंचीचा आयत उभा करावयाचा. हाच आयतालेख. इंग्रजीत यासाठी जी संज्ञा रूढ झाली ती कार्ल पिअर्सन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने छापील लेखनात १८९५ साली वापरली. म्हणजे संज्ञाही सव्वाशे वर्षांहून जुनी झाली. वर्तमानपत्रांत आपण नेहमी पाहतो तो स्तंभालेख आणि हा आयतालेख यांत एक महत्त्वाचा भेद आहे. स्तंभालेखात पेडण्याचा एक खांब, डिचोलीचा एक खांब, अशी नावे असतात. खांबांमध्ये जागा सोडतात. डिचोली आधी घातली काय आणि पेडणे आधी घातले काय, अर्थ बदलत नाही. आयतालेखात आडव्या रेषेवर नावे नसतात, संख्या असतात. संख्यांचा क्रम बदलता येत नाही आणि एका वर्गाची सीमा संपते तेथेच दुसऱ्याची सुरू होते. म्हणून त्यातले आयत एकमेकांना चिकटून उभे राहतात. अशा चिकटलेल्या रांगेत मध्ये एक दात पडलेला दिसला, तर ती चित्रकाराने सोडलेली जागा नव्हे. तेथे खरोखरच कोणी नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या चित्रात एक लाख ते दीड लाख या जागी असाच दात पडलेला आहे.

येथे एक प्रश्न विचारू. गोव्यातला सरासरी तालुका केवढा? एकूण लोकसंख्येला अकरांनी भागले तर उत्तर येते १,३२,५९५. भागाकार बरोबर निःशेष जातो. आता हा आकडा आपल्या सारणीत कोठे बसतो ते पाहा. तो नेमका रिकाम्या वर्गात बसतो. गोव्यात सरासरी तालुका नावाचा तालुकाच नाही! समजा, कोणी योजनाकाराने सरासरी तालुका डोळ्यांपुढे ठेवून प्रत्येक तालुक्याला सारख्याच खाटांचे रुग्णालय, सारख्याच पुस्तकांचे वाचनालय आखले, तर ते काणकोणाला जवळजवळ तिप्पट मोठे पडेल आणि सासष्टीला निम्म्याहूनही अपुरे. सरासरी खोटी नाही. तिचा हिशेब चोख आहे. परंतु ती ज्या घराचा पत्ता सांगते, त्या घरात कोणी राहत नाही.

संख्याशास्त्राने म्हणूनच सरासरीला एक सोबती दिला आहे. त्याला मध्यक म्हणतात. सर्व संख्या चढत्या क्रमाने मांडाव्यात आणि बरोबर मधली उचलावी. अकरांत मधली सहावी. काणकोण, सत्तरी, सांगे, पेडणे, केपे आणि सहावी आपली डिचोली. पाच तालुके तिच्याहून लहान, पाच तिच्याहून मोठे. गोव्याचा मधला तालुका कोणता, असे कोणी विचारले तर सरासरी एका अस्तित्वात नसलेल्या तालुक्याकडे बोट दाखविते, मध्यक मात्र डिचोलीच्या बाजारात आणून उभा करतो. सरासरी आणि मध्यक यांच्यात जवळजवळ पस्तीस हजारांचे अंतर पडले आहे. असे अंतर पडले की समजावे, चित्र एका बाजूस कलले आहे आणि थोड्या मोठ्यांनी सरासरी आपल्याकडे ओढून घेतली आहे. लहान सहा तालुक्यांची लोकसंख्या मिळून ४,२९,०३१ होते, म्हणजे राज्याच्या तीस टक्क्यांच्याही आत. तालुके निम्म्याहून अधिक, माणसे एक तृतीयांशाहून कमी. कोणाची गणती करावयाची, तालुक्यांची की माणसांची, यावर उत्तर पालटते. आणि लोकशाहीत हा प्रश्न केवळ गणिताचा राहत नाही.

आता मी आपणांस एक युक्ती दाखवितो. दाखवितो ती सावध राहण्यासाठी. तेच अकरा आकडे घेऊन वर्गाची रुंदी पन्नास हजारांऐवजी एक लाख करू. एक लाखाच्या आत सहा, एक ते दोन लाखांत तीन, दोन ते तीन लाखांत दोन. सहा, तीन, दोन: कशी सुरेख उतरती पायरी झाली! पडलेला दात दिसेनासा झाला. आकडा एकही बदलला नाही, बेरीज तीच राहिली, तरी चित्राने सांगितलेली गोष्ट बदलली. उलट, वर्ग पाच-पाच हजारांचे केले तर अकरा तालुक्यांसाठी साठ खोल्या बांधाव्या लागतील. अकरा खोल्यांत एकेक आणि बाकी ओस. म्हणजे पुन्हा कीर्दच. वर्ग फार रुंद केले तर भेद गडप होतात, फार अरुंद केले तर आकार गडप होतो. योग्य रुंदी सांगणारे काही ठोकताळे आहेत, परंतु खरा उपाय एकच: दोन-तीन रुंदींनी चित्र काढून पाहावे आणि जे प्रत्येक चित्रात टिकते त्यावर विश्वास ठेवावा.

हा नियम मी आत्ता सांगितलेल्या गोष्टीलाही लावला पाहिजे. डिचोलीची लोकसंख्या एक लाखाला केवळ २,०४५ने कमी आहे. तेवढी माणसे अधिक असती तर डिचोली पुढच्या वर्गात गेली असती आणि रिकामी खोली रिकामी राहिली नसती. मग ती खोली हा केवळ आखणीचा खेळ होता काय? नव्हे. डिचोली आणि तिच्या वरचा मुरगाव यांच्यामध्ये ५६,६०६चे अंतर आहे, आणि सीमा कोठेही आखल्या तरी ते अंतर कायम राहते. काणकोण ते डिचोली या सहा तालुक्यांत मात्र लागोपाठच्या दोहोंमध्ये एकोणीस हजारांहून मोठी उडी कोठेच नाही. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की तिसवाडी ते बार्देश आणि बार्देश ते सासष्टी या उड्याही तितक्याच मोठ्या आहेत. म्हणजे प्रामाणिक वाचन असे: एक लाखाच्या आत सहांचा एक घोळका, दीड ते दोन लाखांत तिघांचा दुसरा, आणि त्यापलीकडे दोघे एकेकटे. शिवाय पुढे धारबांदोडा हा बारावा तालुका निर्माण झाला. खातीच बदलली म्हणजे खतावणीही बदलणार. अकरा नोंदींवरून जेवढे म्हणता येते तेवढेच म्हणावे.

आणखी एक फसवणूक सांगितली पाहिजे, कारण ती छापील चित्रांत पदोपदी आढळते. समजा कोणी दीड लाखापासून तीन लाखांपर्यंतचा एकच वर्ग केला आणि बाकीचे पन्नास हजारांचेच ठेवले. त्या मोठ्या वर्गात पाच तालुके पडतील. आपल्या पेडणे-डिचोलीच्या वर्गातही पाच आहेत. दोन्ही आयत सारख्या उंचीचे काढले तर एक आयत दुसऱ्याच्या तिप्पट रुंद, म्हणून तिप्पट मोठा दिसेल. डोळा उंची पाहत नाही, पसारा पाहतो. म्हणून आयतालेखाचा खरा नियम असा की वारंवारता आयताच्या उंचीने नव्हे, क्षेत्रफळाने दाखवावी. रुंदी तिप्पट झाली तर उंची एक तृतीयांश करावी. पाचाऐवजी सुमारे १.६७. मग दोन्ही आयतांचे क्षेत्रफळ सारखे होते आणि चित्र पुन्हा न्यायाने बोलते.

मांडणीपूर्वी मूळ नोंदही पारखून घ्यावी लागते. आपल्या देशातील जुन्या जनगणनांत वयांची सारणी एकेका वर्षाने केली की चाळीस, पन्नास, साठ येथे उंच खांब उभे राहतात आणि एकोणचाळीस, एकेचाळीस येथे खड्डे पडतात. त्या वर्षी जन्म अधिक झाले होते असे नव्हे. ज्यांच्या जन्माची नोंद नव्हती त्यांनी आपले वय अदमासाने सांगितले, आणि अदमास नेहमी शून्यावर किंवा पाचावर विसावतो. येथे आयतालेखाने माणसांच्या वयाविषयी कमी आणि माणसांच्या सवयीविषयी अधिक सांगितले. लंडनमधील जॉन ग्राँट या कापडाच्या व्यापाऱ्याने १६६२ साली शहरातील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या खतावून एक छोटे पुस्तक छापले, तेव्हा त्यानेही आधी याद्या करणाऱ्यांच्या नोंदीच तपासल्या होत्या. विद्यापीठाचा पंडित नव्हे तर हिशेबाची सवय असलेला व्यापारी या शास्त्राच्या आरंभी उभा आहे, ही गोष्ट कीर्द-खतावणीच्या परंपरेतील आपणांस जवळची वाटावी.

परंतु आपणांस लंडनपर्यंत जाण्याचे कारण नाही. या शास्त्राचा अत्यंत प्रतिभाशाली उपयोग ज्यांनी केला त्यांपैकी एक पुरुष याच गोमंतभूमीत जन्मला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद हे बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक. त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र मराठी वाचकांना परिचित आहे. दामोदरपंतांचे शिक्षण अमेरिकेतील हार्वर्ड येथे झाले, त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले, आणि गणिताची तीच शिस्त त्यांनी प्राचीन इतिहासाला लावली.

तक्षशिलेच्या उत्खननात आहत नाण्यांचे निधी सापडले होते. आहत म्हणजे ठसे मारलेली. चांदीची ही नाणी सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाची. त्यांवर सूर्य, डोंगर, प्राणी अशी चिन्हे आहेत, परंतु राजाचे नाव नाही आणि सालही नाही. त्यांचा कालक्रम कसा लावावा? कोसंबींनी १९४०च्या सुमारास या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते ऐकताना साधे वाटते. नाणे हातोहाती फिरते तसे ते झिजते. टांकसाळीतून एकाच प्रमाणाने पाडलेल्या नव्या नाण्यांच्या वजनांचा आयतालेख काढला तर तो उंच आणि अरुंद येतो, कारण बहुतेक नाणी ठरलेल्या वजनाच्या आसपास असतात. तीच नाणी वर्षानुवर्षे चलनात राहिली की दोन गोष्टी घडतात. सरासरी वजन कमी होते, म्हणजे चित्र डावीकडे सरकते. आणि काही नाणी अधिक फिरतात, काही गाठोड्यात बांधून राहतात, म्हणून वजनांतील फरक वाढतो, म्हणजे चित्र बुटके आणि पसरट होते. एकाच निधीत एकत्र सापडलेल्या नाण्यांचे गट पाडून त्यांची अशी चित्रे शेजारी ठेवली की कोणता गट आधीचा आणि कोणता नंतरचा, हे चांदीच सांगू लागते. नाण्यांच्या मागील बाजूस मारलेल्या बारीक ठशांची संख्या जसजशी वाढते तसतसे सरासरी वजन घटते, हेही त्यांनी दाखविले. आपला तर्क पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही तराजूत घातली. जेथे ताम्रपट नव्हता, शिलालेख नव्हता, तेथे झीज हाच लेख ठरला.

मराठीचा अध्यापक म्हणून त्यांचे दुसरे एक काम मला तितकेच मोलाचे वाटते. भर्तृहरीच्या नावावर चालत आलेल्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ साली सिद्ध केली. शेकडो हस्तलिखिते तपासताना त्यांनी श्लोकांचे तीन गट पाडले. सर्व परंपरांत आढळणारे श्लोक एका गटात, काहींतच आढळणारे दुसऱ्यात, आणि एखाद-दुसऱ्या ठिकाणी विखुरलेले तिसऱ्यात. कोणता श्लोक किती ठिकाणी येतो याची ती खतावणीच होती. काव्य आणि गणना यांचे वैर आहे असे मानणाऱ्यांनी ही आवृत्ती एकदा हातात घ्यावी. कोसंबींचे निधन २९ जून १९६६ रोजी पुणे येथे झाले. २९ जून हाच भारतीय संख्याशास्त्राचे आद्य आचार्य प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस. २००७ पासून तो राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. हा योगायोग गोमंतकीयांनी तरी लक्षात ठेवावा.

आता आपल्या ग्रंथालयाकडे वळतो, कारण नाण्याची ही गोष्ट मी पुस्तकासाठीच सांगितली. पुस्तकही चलनात असते. हातोहाती फिरते तसे तेही झिजते: कोपरे मऊ होतात, शिवण सैल होते, शेवटच्या पानावर चिकटविलेली तारखांची चिठ्ठी भरत जाते. ती चिठ्ठी ही त्या पुस्तकाची वारंवारता होय. देवघेवीची वही ही आपली कीर्द; तिची खतावणी करावयाची आहे.

ग्रंथालयांच्या वार्षिक अहवालांत सामान्यतः सभासद किती आणि वर्षभरात पुस्तके किती गेली हे दोन आकडे दिलेले असतात. त्यांतून काय दिसत नाही ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा एका ग्रंथालयाचे शंभर सभासद आहेत आणि वर्षात बाराशे पुस्तके बाहेर गेली. सरासरी दरडोई बारा, म्हणजे महिन्यास एक. अहवाल समाधानाने संमत होईल. आता खतावून पाहू. चाळीस जणांनी वर्षभरात एकही पुस्तक नेले नाही. तीस जणांनी प्रत्येकी चार नेली, म्हणजे एकशेवीस. वीस जणांनी प्रत्येकी चोवीस, म्हणजे चारशेऐंशी. दहा जणांनी प्रत्येकी साठ, म्हणजे सहाशे. बेरीज बाराशेच होते. परंतु बारा पुस्तके नेणारा सभासद त्या ग्रंथालयात एकही नाही, आणि निम्मी देवघेव केवळ दहा माणसांच्या बळावर चालली आहे. अशा ग्रंथालयाला सुदृढ म्हणावे की त्या दहा जणांचे वय विचारावे? आणि जे चाळीस वर्गणी भरूनही आले नाहीत, ते अंतरामुळे आले नाहीत, वेळेमुळे की त्यांना हवे ते पुस्तक नव्हते म्हणून? सरासरी हा प्रश्न उत्पन्नच होऊ देत नाही. सारणी तो आपल्या दारात आणून ठेवते.

आपल्या देशातील ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री प्रसिद्ध केली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हा त्या सूत्रांतील दोहोंचा आशय आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. पहिले सूत्र पाळले जाते की नाही हे सभासदांच्या सारणीत दिसते आणि दुसरे पुस्तकांच्या सारणीत. सदिच्छेला पुरावा लागतो, तो येथे आहे.

पुस्तकांच्या सारणीविषयी मात्र एक विनंती जोडतो आणि तिला मी या व्याख्यानातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मानतो. अशी सारणी केली की शून्याच्या वर्गावर सर्वांत उंच आयत उभा राहण्याचा संभव असतो. वर्षानुवर्षे कोणी न नेलेली पुस्तके त्यात असतात. कपाटांत जागा नाही, वाळवीची भीती आहे, नवी पुस्तके दारात उभी आहेत. अशा वेळी तो आयत पाहून कोणाचाही हात रद्दीच्या तराजूकडे जाईल. तो आवरावा. वारंवारता किती वेळा हे सांगते, किती मोलाचे हे सांगत नाही. ज्या कादंबरीच्या प्रती गावोगावी आहेत ती शून्यात असेल तर खुशाल निरोप द्यावा. परंतु गोव्याच्या जुन्या मराठी छापखान्यातून निघालेले, दुसरीकडे कोठे न उरलेले एखादे पातळ पुस्तक त्याच शून्यात बसलेले असू शकते. दहा वर्षांतून एकदाच एखादा संशोधक पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या वाटेने त्यासाठी येईल. तक्षशिलेची जी नाणी आज इतिहास सांगतात तीही शतकानुशतके चलनाबाहेर, जमिनीखाली पडून होती. म्हणून आयतालेखाला साक्षीदार करावे, न्यायाधीश करू नये. शून्याच्या वर्गातले प्रत्येक पुस्तक एकदा हातात घेऊन पाहावे आणि मग निर्णय करावा.

कार्यकारी मंडळापुढे माझी सूचना अगदी छोटी आहे. शताब्दीच्या निमित्ताने सर्व वह्या खतावण्याचा संकल्प सोडू नये. असे संकल्प पार पडत नाहीत. प्रत्येक दशकातील एकेक वर्ष निवडावे. महाविद्यालयातील आठ-दहा विद्यार्थी हाताशी घ्यावेत, आखीव कागद द्यावेत आणि त्या त्या वर्षाची देवघेव सभासदागणिक व विषयागणिक खुणांनी मोजावी. वाचकांची नावे बाहेर काढू नयेत. कोणी काय वाचले हे गुपितच राहावे, किती जणांनी किती वाचले एवढेच पुरे. वर्गांची रुंदी मात्र सर्व दशकांसाठी एकच ठेवावी, नाहीतर तुलना होणार नाही. मग ते दहा आयतालेख एकाखाली एक भिंतीवर लावावेत. कोसंबींच्या नाण्यांप्रमाणे ते चित्र कोणत्या दशकात कोणीकडे सरकले, केव्हा उंच झाले आणि केव्हा पसरट, हे ज्याला वाचता येईल त्याने वाचावे. या भागातील शंभर वर्षांच्या मराठी वाचनाचा इतिहास लिहावयाचा झाला तर त्याचा पहिला अस्सल कागद तोच ठरेल. आणि तो लिहिण्यासाठी लागणारी शाई पूर्वसूरींनी देवघेवीच्या वह्यांत आधीच खर्च करून ठेवली आहे.

ज्या ग्रंथपालांनी कंदिलाच्या उजेडात त्या नोंदी केल्या, त्यांना त्यांचे पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. तरी त्यांनी एक दिवसही तारीख घालावयाची चुकविली नसेल तर ती आपल्यावरील ठेव आहे. त्या कीर्दीची खतावणी करणे हे पुढच्या पिढीचे काम, आणि ते काम हाती घेण्याचा अधिकार या सभागृहातील प्रत्येकाला आहे.